जंगल जळलं, पण किती वर्षांनी?

अमेरिकेतल्या लॉजपोल पाइन या झाडाचा शंकू मुठीत सहज मावतो. सिमला-मनालीहून लोक शोभेला म्हणून पाइनची फळं आणतात, ती खवले उघडलेली, फुललेली असतात. हा मात्र घट्ट मिटलेला. खवल्यांच्या फटींत राळ भरून कडक झालेली असते आणि आत बी कोंडलेलं असतं. असा मिटलेला शंकू फांदीवर वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो उघडायचा तर राळ वितळायला हवी आणि त्यासाठी साधारण ४५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता लागते. समुद्रसपाटीपासून दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या थंड मुलखात झाडाच्या शेंड्याशी हवा एवढी कधी तापणार? आग लागली तरच.

या झाडाने पुढच्या पिढीची सोय आगीच्या भरवशावर करून ठेवली आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ही सोय एवढ्या मोठ्या प्रमाणावर कामाला आली, की जंगल आणि आग यांच्याबद्दलच्या बऱ्याच पक्क्या समजुती तिथे मोडल्या. त्या मोडण्यात मोठा वाटा असलेल्या शास्त्रज्ञ म्हणजे मोनिका टर्नर. त्या इकॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे झाडं, जनावरं, माती, पाणी, हवा यांचा एकमेकांशी काय देण्याघेण्याचा व्यवहार चालतो ते मोजणाऱ्या. १९८८ ची आग विझल्यावर त्यांनी जे मोजायला सुरुवात केली, ते काम तीस वर्षांहून जास्त काळ चाललं. या लेखात मुख्यतः त्या मोजणीची गोष्ट आहे.

आधी ती आग. यलोस्टोनचं क्षेत्र सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर. त्यातला ३६ टक्के भाग त्या एका उन्हाळ्यात आगीच्या तडाख्यात सापडला. म्हणजे अंदाजे ३,२०० चौरस किलोमीटर, मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याच्या पाचपट. उद्यानाचं धोरण १९७२ पासून असं होतं, की वीज पडून लागलेली आग माणसांना किंवा इमारतींना धोका नसेल तर जळू द्यायची. पंधरा वर्षं ते छान चाललं. १९८७ पर्यंत अशा २३५ आगी जळू दिल्या होत्या आणि त्या सगळ्यांनी मिळून चौतीस हजार एकरही जाळले नव्हते. लागायच्या, धुमसायच्या, विझून जायच्या. १९८८ च्या वसंतात पाऊसही बरा झाला होता. मग जून-जुलैमध्ये तो जो गायब झाला, तो उद्यानाच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा उन्हाळा ठरला.

२१ जुलैला अधिकाऱ्यांनी धोरण गुंडाळून सगळ्या आगी विझवायचा निर्णय घेतला. दुसऱ्याच दिवशी उद्यानाच्या हद्दीबाहेर, लाकडं तोडणाऱ्या कुणीतरी टाकलेल्या सिगारेटने आणखी एक आग लागली. ही नॉर्थ फोर्कची आग पहिल्या दिवसापासून विझवायचा प्रयत्न झाला आणि तरीही तीच त्या वर्षीची सगळ्यात मोठी आग झाली. २० ऑगस्टला वारा असा सुटला, की एका दिवसात दीड लाख एकरांहून जास्त जंगल पेटलं. पेटते निखारे मैल-दीड मैल पुढे उडून पडत होते, त्यामुळे नद्या आणि रस्ते यांचा अडसर उरलाच नाही. हंगामभरात मिळून पंचवीस हजार माणसं लढली, बारा कोटी डॉलर खर्च झाले. शेवटी ११ सप्टेंबरला थोडासा पाऊस आणि हिमवर्षाव झाला आणि आगीचा जोर मोडला. पंचवीस हजार माणसांना जे जमलं नव्हतं, ते पाव इंच ओलाव्याने केलं.

टीव्हीवर तोवर यलोस्टोनचं श्राद्ध घालून झालं होतं. उद्यान संपलं, आता तिथे फक्त राख आहे, अधिकाऱ्यांनी राजीनामे द्यावेत, वगैरे.

ऑक्टोबरमध्ये टर्नर हेलिकॉप्टरमधून त्या मुलखावरून फिरल्या. वरून त्यांना दिसली ती गोधडी. काळे तुकडे, त्यांना लागून होरपळून तांबूस-तपकिरी झालेले, मधेच हिरवेगार. आग सरसकट जळत गेली नव्हती. वारा कमी झाला, रात्र झाली, ओलसर दरी आली, जुनी जळकी जागा लागली, की ती सौम्य व्हायची किंवा वळायची. काही ठिकाणी नुसता जमिनीवरचा पालापाचोळा जळाला आणि झाडं उभी राहिली, काही ठिकाणी शेंड्यांवरून धावत गेलेल्या आगीने सुया-फांद्या सगळं फस्त केलं.

ही गोधडी दिसायला चांगली, पण तिचं महत्त्व वेगळंच आहे. पूर्ण काळी झालेली बरीचशी जागा हिरव्या किंवा अर्धवट होरपळलेल्या झाडीपासून फार लांब नव्हती. म्हणजे बी उडत येऊ शकत होतं. जमिनीखालचं नुकसान त्याहून कमी होतं. वरून एवढी भयंकर दिसणारी आग मातीत मात्र दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली फारशी तापवत नाही. गवताची मुळं, कंद, झुडपांचे खोड सगळं आत शाबूत होतं. पुढच्या उन्हाळ्यात काळ्या जमिनीतून तेच वर आलं.

आणि पाइन? टर्नर आणि त्यांचे सहकारी विल्यम रॉम यांनी जळक्या जागेत तुकडे आखून रोपं मोजली. रोपं मोजणं हे काम ऐकायला जितकं सोपं वाटतं, तितकंच कंटाळवाणं आहे. गुडघ्यावर बसून, काजळी खात, बोटभर रोपं एकेक करून मोजायची. पण आकडे कंटाळवाणे नव्हते. काही ठिकाणी हेक्टरी शून्य रोपं, काही ठिकाणी हेक्टरी पाच लाखांहून जास्त. पाच लाख म्हणजे एका चौरस मीटरमध्ये पन्नास, अक्षरशः धानाचा तरवा टाकल्यासारखी. एकाच आगीत, एकाच जातीच्या झाडात एवढा फरक का? एक कारण, त्या जागी आधी मिटलेल्या शंकूंची झाडं किती होती. सगळीच लॉजपोल झाडं शंकू मिटून ठेवत नाहीत. काही शंकू पिकले की आपोआप उघडतात. कोणत्या उतारावर कसली झाडं किती, हे ठिकाणागणिक बदलतं. दुसरं, आग तिथे किती तीव्र होती. फार सौम्य असली तर राळ वितळत नाही, फार भडकली तर शंकूच जळून जातो.

कुणी लावणी केली नाही, बी टाकलं नाही. जंगल आपलं आपण परत आलं, आणि शून्य ते पाच लाख अशा फरकासकट आलं. म्हणजे पुढच्या शंभर वर्षांचं जंगल कुठे दाट, कुठे विरळ असणार, याचा आराखडा त्या एका उन्हाळ्याने आखून ठेवला.

एक अनपेक्षित पाहुणाही सापडला. ॲस्पेन हे तिथलं पांढऱ्या खोडाचं, थरथरत्या पानांचं झाड. रॉकी पर्वतात ते बियांपासून जवळपास उगवतच नाही, मुळांतून फुटवे फुटूनच पसरतं, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. १९८९ मध्ये मोठ्या ॲस्पेनपासून लांब, जळक्या पाइनवनात त्याची बियांपासून आलेली रोपटी दिसली. आगीने मोकळी केलेली ओलसर माती त्याला हवी होती, ती शेकडो वर्षांत कधीतरी मिळते.

आता जनावरांकडे वळू, कारण आगीची बातमी आली की आपल्याला पहिली आठवण त्यांचीच येते. यलोस्टोन आणि भोवतालच्या मुलखात तेव्हा चाळीस-पन्नास हजार एल्क होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थंड प्रदेशातला मोठा भाऊबंद. आगीत मेलेले सापडले ३४५. त्यांच्याबरोबर ३६ हरणं, १२ मूस, ९ बायसन, ६ काळी अस्वलं. बहुतेक धुराने गुदमरून मेले. बाकीची जनावरं आगीच्या वाटेतून बाजूला झाली. आग दिसत असताना बायसन शांतपणे चरताना लोकांनी पाहिले आहेत.

खरी मारामार नंतरच्या हिवाळ्यात झाली. दुष्काळाने गवत आधीच कमी, त्यात हिवाळी कुरणांचा काही भाग जळलेला, वरून कडक थंडी आणि खोल बर्फ. हजारो एल्क मेले. त्यात आगीचा दोष किती आणि हिवाळ्याचा किती, हा प्रश्न टर्नर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर हिवाळी कुरणांचं प्रतिरूप बनवून तपासला. उत्तर साधारण असं निघालं, की कुरण किती आणि कशा तुकड्यांत जळलं याला महत्त्व आहेच, पण हिवाळा किती कडक आहे ते त्याच्यावर मात करतं. दोन-तीन वर्षांनी जळक्या कुरणांवर गवत जोमाने आलं आणि एल्कही सावरले. वन्यजीव व्यवस्थापन म्हणजे जनावरांना आगीपासून वाचवणं, अशी आपली समजूत असते. आगीनंतर त्यांना काय खायला मिळेल आणि कुठे मिळेल, हा त्याहून मोठा प्रश्न असतो.

काही प्राणी तर आगीकडे धावतात. मेलानोफिला नावाचा एक काळा भुंगेरा आहे. त्याच्या छातीच्या भागावर, मधल्या पायांजवळ उष्णतेच्या लहरी ओळखणारे सूक्ष्म खळगे असतात. लांबवर लागलेली आग ते टिपतात आणि भुंगेरे नुकत्याच जळलेल्या झाडांच्या सालीत अंडी घालायला जमतात. मेलेलं झाड राळ सोडून त्यांच्या अळ्यांना हाकलू शकत नाही ना! १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीच्या फुटबॉल मैदानावर या भुंगेऱ्यांनी प्रेक्षकांना चावून हैराण केल्याची नोंद आहे. हजारो लोक एकदम सिगारेटी ओढत होते, त्यामुळे बिचाऱ्यांना वणवा लागल्यासारखं वाटलं असावं.

अशा भुंगेऱ्यांच्या अळ्यांमागे सुतारपक्षी येतात. त्यातल्या एकाची पाठ कोळशासारखी काळी असते, जळक्या खोडावर बसला तर सापडत नाही. १९८८ च्या आगींनंतर मोंटाना विद्यापीठाचे रिचर्ड हटो यांनी उत्तर रॉकीमधल्या ३४ जळालेल्या ठिकाणी पक्षी मोजले आणि १९९५ मध्ये निष्कर्ष छापले. पंधरा जातींचे पक्षी जळक्या जंगलात जास्त सापडत होते आणि हा काळ्या पाठीचा सुतारपक्षी तर जवळपास तिथेच राहणारा निघाला. तो कोरतो त्या ढोली पुढे स्वतःला कोरता न येणाऱ्या पक्ष्यांच्या उपयोगी पडतात. आपल्याला जे स्मशान दिसतं, ती त्याची भरलेली बाजारपेठ असते. मात्र हा बाजार थोडीच वर्षं भरतो. अळ्या संपल्या की पक्षी पुढच्या जळक्या रानाच्या शोधात निघतो.

इथे व्यवस्थापनाचा खरा तिढा आहे. आग लागून गेली, की उभ्या जळक्या झाडांचं लाकूड सडायच्या आत तोडून विकावं असा दबाव येतो. राष्ट्रीय उद्यानात ते चालत नाही, पण बाहेरच्या सरकारी जंगलांत चालतं. लाकूड विकायला जी दोन-चार वर्षं सोयीची, नेमकी तीच सुतारपक्ष्याची असतात. 'नाहीतरी मेलेलीच झाडं आहेत' हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो. हटोंचे आकडे पाहिल्यावर तो तेवढा व्यवहारी वाटत नाही.

आता एका समजुतीबद्दल, कारण ती वारंवार वाचायला मिळते. अमेरिकेने शंभर वर्षं प्रत्येक आग विझवली, त्यामुळे जंगलात इंधन साठलं आणि आता ते भडकतंय, असं म्हणतात. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. १९१० मध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत तीस लाख एकर जळले, ऐंशीहून जास्त माणसं गेली आणि नव्याने स्थापन झालेल्या वनखात्याने आगीशी उभा दावा मांडला. १९३५ मध्ये तर नियमच झाला, की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. पाँडेरोसा पाइनच्या कोरड्या, खालच्या जंगलांत या हट्टाने खरंच घात केला. तिथे दर काही वर्षांनी गवतातून एक हलकी आग फिरून जायची, छोटी झाडोरी साफ करायची आणि जाड सालीची मोठी झाडं उभी ठेवायची. ती फेरी बंद पडली, खाली गर्दी झाली, मग आग लागली ती थेट शेंड्यापर्यंत चढली.

यलोस्टोनच्या उंचावरच्या लॉजपोलला मात्र हे लागू नाही. रॉम यांनी १९८८ च्या आधीच, झाडांवरच्या आगीच्या जखमा आणि वाढीची वर्तुळं मोजून तिथल्या आगींचा इतिहास लावला होता आणि १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला होता. तिथे मोठी आग साधारण तीनेकशे वर्षांनी येते. सगळं जाळते आणि पुन्हा तीन शतकं गप्प बसते. ज्या जंगलाचा श्वासच तीनशे वर्षांचा, त्याच्यात तीस-चाळीस वर्षं आगी विझवल्याने काय मोठा फरक पडणार? १९८८ ची आग भीषण होती, पण त्या जंगलासाठी ती नवी नव्हती. सतराशेच्या आसपास तिथे असंच काहीसं घडून गेलं होतं, फक्त तेव्हा टीव्ही नव्हता.

म्हणून आगीबद्दल विचारायचा पहिला प्रश्न मला हा वाटतो: मागची आग कधी लागली होती? पाँडेरोसाला दहा-वीस वर्षांचं अंतर मानवतं, लॉजपोलला तीनशेचं. अंतर बदललं की तीच आग वेगळी होते.

आपल्याकडचे वाचक इथे विचारतात, मग सह्याद्रीतले वणवेही जळू द्यायचे का? नाही. आपल्याकडचा वणवा विजेने क्वचितच लागतो. कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतं, कुणी तेंदूला नवी पालवी यावी म्हणून, कुणी गवत चांगलं फुटेल या समजुतीने, आणि कुणी नुसतीच बिडी टाकून जातं. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पट्टे आधीच मोकळे करून ठेवतं, तरी मार्च-एप्रिलच्या रात्री डोंगरावर तांबडी रेघ चढताना दिसतेच. काही उतारांवर दोन आगींमधलं अंतर जेमतेम एक वर्षाचं असतं. पानगळीच्या रानातली बरीच झाडं जळाल्यावर मुळापासून पुन्हा फुटतात, पण माणसाच्या कमरेएवढी व्हायच्या आत पुन्हा होरपळली तर झाड होणार कधी? टिटवी, तित्तर, रातवा यांची जमिनीवरची अंडी त्याच दिवसांत असतात. आणि देवराईतल्या पातळ सालीच्या सदाहरित झाडांकडे तर राळेने मिटलेले शंकूही नाहीत. यलोस्टोनचं उत्तर इथे आणता येत नाही. अंतराचा प्रश्न तेवढा आणता येतो.

आता पुन्हा यलोस्टोनकडे, कारण हाच प्रश्न तिथे उलटून आला. २०११ मध्ये अँथनी वेस्टरलिंग, टर्नर, रॉम आणि सहकाऱ्यांनी तापमानवाढीचे अंदाज घेऊन गणित मांडलं. या शतकाच्या मध्यापर्यंत यलोस्टोन परिसरात मोठ्या आगींमधलं अंतर तीस वर्षांच्याही खाली येऊ शकतं, असं उत्तर निघालं. उन्हाळा लांबतोय, बर्फ लवकर वितळतोय, १९८८ सारखा कोरडा उन्हाळा आता अपवाद राहणार नाही. तोवर सगळ्यांची, शास्त्रज्ञांचीही, अशी धारणा होती, की जळून गेलेल्या जागी कोवळं जंगल उभं असेल तर ते बरीच वर्षं पुन्हा पेटत नाही. इंधनच नसतं म्हणा ना.

२०१६ च्या उन्हाळ्यात बेरी आणि मेपल या दोन आगींनी ती धारणा मोडली. मेपलची आग यलोस्टोनमध्ये, नॉर्थ फोर्कच्या जुन्या जागेत लागली. बेरीची दक्षिणेकडच्या ग्रँड टीटन उद्यानात. १९८८ नंतर उगवलेली अठ्ठावीस वर्षांची झाडं जळाली आणि २००० च्या आगीनंतर उगवलेली अवघी सोळा वर्षांची पोरंही जळाली. टर्नर यांनी ज्यांची रोपं होताना पाहिली होती, त्या पिढीतली ही झाडं.

पुढच्या वर्षी त्यांचा चमू त्या जागी गेला. पुन्हा तुकडे आखले, पुन्हा गुडघ्यावर बसून मोजणी. कोवळ्या झाडांकडे शंकू असतात, पण थोडे, आणि मिटलेले शंकू तर झाड वयात आल्यावरच भरपूर धरतं. शिवाय दाट, बारीक झाडांतली आग इतकी कडक होती की शंकू खोडासकट गेले. आधीच्या आगीनंतर जेवढी रोपं आली होती, त्याच्या सहावा हिस्सा रोपंच या वेळी सापडली. काही ठिकाणी तर उभं खोडही शिल्लक नव्हतं, बुडाचा ठोंब तेवढा. १९८८ नंतर कोलमडून जमिनीवर पडलेले जुने ओंडके ओलावा धरून असतात, त्यांच्या आडोशाला रोपं रुजतात. त्यातलेही बरेचसे जळून गेले होते. जिथे ओंडका होता तिथे काळ्या मातीवर त्याच्याच लांबीरुंदीची पांढऱ्या राखेची रेघ उरली होती. लाकडात साठलेला कार्बन पुन्हा पूर्वीइतका भरून यायला दीडशे वर्षांहून जास्त लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. अर्थात मध्ये पुन्हा आग लागली नाही, तर.